अठ्ठावन्न मिनिटं

खुर्चीतून उठलेसुद्धा नाही,
आणि सकाळपासून तिसऱ्यांदा
कंपनीने माझं स्पेनमध्ये स्वागत केलं.

मी पोर्तुगालात आहे.
समोर ग्वादियाना, दगड भिरकावला
तर पलीकडच्या गावातल्या कोंबड्या बिथरतील
एवढीच रुंद.
फोन मात्र ज्याचा टॉवर जोरात त्याचा होतो,
मध्येच एक तास पुढे उडी मारतो,
मध्येच ओशाळून परत येतो.
बाराची होडी गाठायला धावत धक्क्यावर गेले
तर नावाडी झेफेरीनो पाय पसरून पेरू खात होता.
त्याने आधी डावं मनगट दाखवलं, मग उजवं.
दोन घड्याळं. अकरा आणि बारा.
मग माझ्या फोनकडे बघून इतका हसला
की बी घशात अडकली.

म्हणून हा फुकटचा तास,
इदालिनाच्या कॅफेत.
टेबलं चार, गिऱ्हाईक मी.
दिवसाचं पॅक पाचशे एमबीचं,
त्यातलं निम्मं नकाशाने खाल्लं.
कसला नकाशा! गावाला एक चढ आहे
आणि तोच उतार.

उरलेल्यात भाषांतराचं ॲप.
ती बदाम फोडत खणखणीत बोलायची,
आणि फोन पाटबंधारे खात्याच्या पत्रासारखं मराठी काढायचा:

माझा भाऊ अमारो नदीच्या दुसऱ्या बाजूस विवाहित होता.
तो चार वाजून दहा मिनिटांनी मृत झाला.
वहिनीचा संदेश मला तीन वाजून बारा मिनिटांनी प्राप्त झाला.

मला वाटलं, चुकलं.
चुकत तर ते होतंच, सत्तरीच्या इदालिनाला
केव्हाच पुरुष करून मोकळं झालं होतं:
मी उठलो. मी दार लावले. मी रडलो नाही.

पण तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं,
मग नदीपलीकडे,
आणि तेच बोट हवेत उभं धरलं.
एक.

माझ्या घड्याळात तो अद्याप जिवंत होता.
माझ्याकडे अठ्ठावन्न मिनिटे शिल्लक होते.
मग मी

इथे पॅक संपलं.
नवं घ्यायचं तर ओटीपी,
ओटीपी येणार ईमेलवर,
ईमेल उघडायला डेटा.

ती बोलतच होती.
मी थांबवलं नाही. मान हलवत राहिले
लग्नात दूरच्या नातेवाइकांसमोर हलवतो तशी.
तिचा हात टेबलाच्या पत्र्यावरून सरकत होता,
दाबून, सावकाश, पुढे आणि मागे,
एका ठिकाणी थांबला, अंगठ्याने काहीतरी सपाट केलं.
इस्त्री?
शर्टाची कॉलर?
की कुणाच्या कपाळावरून?
मग हात उलटा करून तिने तळवा बघितला
आणि टरफलं झाडून टाकली.

आमच्यात म्हणतात,
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.
वाचलेल्याबद्दल म्हणतात,
विहिरीतून जिवंत वर काढलेल्या पोराबद्दल.
मेलेल्या माणसाला ती लागू पडेल,
तीही अक्षरशः, मिनिटं मोजून,
हे कधी डोक्यात आलं नव्हतं.
तिला सांगावीशी वाटली.
कशी सांगणार.
कॉफीचे पैसे ठेवले, तिने त्यातलं नाणं परत केलं
आणि मुठीत बदाम कोंबले.

झेफेरीनोने शीळ घातली. खरे बारा.

रात्री पलीकडच्या खोलीत वायफाय लागलं.
ॲप तिथेच थांबलेलं:
मग मी
खाली विचारत होतं, संभाषण पुढे चालू ठेवायचं?
फोन उपडा ठेवला.
टेबलावरून हात फिरवून बघितला,
पुढे, मागे.
पावाचा चुरा लागला हाताला.