कुणाचा शब्द

आमच्या इमारतीची लिफ्ट पैसे खाते.
दहा तेत्रींचं नाणं टाकलं की कुरकुरत सहाव्या मजल्यावर नेते,
नाही टाकलं तर नाही.
ओतारने दाराशी मुरंब्याची रिकामी बरणी ठेवलीय नाण्यांसाठी.
इया झाल्यापासून ती भरतच नाही.
दवाखाना, लस, खाली पडलेला मोजा,
खाली-वर, खाली-वर.
बाबागाडी मावत नाही लिफ्टमध्ये;
ती तळमजल्यावर लामाराच्या दाराशी
साखळीने बांधलेली असते, कुत्र्यासारखी.

चाळीस दिवस कुणाला दाखवू नकोस,
सासूने फोनवर बजावलं होतं.
अकराव्या दिवशी लामारा आली अक्रोड घेऊन,
डोळ्यांवर हात ठेवून म्हणाली, मी काही बघत नाहीये,
आणि बोटांच्या फटीतून सगळं बघून गेली.

रात्री अकराला ओतार कामावर जातो.
रिओनीच्या पुलापलीकडे भट्टी आहे,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी.
तिच्यात कमरेपर्यंत वाकून
तो आतल्या भिंतीला पाव थापत राहतो उजाडेपर्यंत.
हातावरचे केस केव्हाच जळून गेलेत.
इया त्या गुळगुळीत हातावर गाल टेकते
तेव्हा वाटतं, बरंच झालं जळले ते.

रात्र माझी.
एक वाजता भूक. दोनला ओलं.
तीनला काहीच नाही, नुसतं रडणं.
मग मी तिला खिडकीशी नेते.
समोरच्या इमारतीत एकच दिवा जळत असतो.
कोण जागं असतं, माहीत नाही.
त्यालाही दात येत असतील गं,
मी इयाला सांगते.

आणि शिकवते: देदा.
म्हण. दे-दा.
आमच्या भाषेत आईला देदा म्हणतात
आणि बापाला मामा.
बाकी जगात म्हणे हा 'मा' आईचा असतो.
आमच्या कुठल्या पूर्वजाला बापांची एवढी दया आली
की त्याने तो उचलून त्यांना देऊन टाकला?
कारण 'मामा' फुकट आहे.
ओठ मिटले, उघडले, झालं.
'देदा'ला जीभ उचलावी लागते,
वर टेकवावी लागते,
मनात आणावं लागतं.

काल तीन वाजता
माझे केस मुठीत धरून,
माझ्या दुधाचा वास तोंडाला असताना,
सरळ माझ्या डोळ्यांत बघून
ती म्हणाली, मामा.
पुन्हा म्हणाली. मामा, मामा, मामा.
मी म्हटलं, तो नाहीये इथे.
म्हटलं, तो पावांचा बाप आहे सध्या.
ती हसली. दोन दात.
मी ठरवलं, सांगायचंच नाही त्याला.
साक्षीदार कोण? एक समोरचा दिवा.

सकाळी पाय वाजले जिन्यात.
लिफ्ट कुरकुरली नव्हती.
मग आठवलं, कधीच कुरकुरत नाही या वेळेला;
इतके महिने मी झोपेत ऐकलंच नव्हतं
की हा माणूस रात्रभर वाकून
सहा मजले चालत चढतो.
आला. भुवईत पीठ,
कोटाच्या आत ऊन ऊन पाव.
खिशातली तीन नाणी
आवाज न करता बरणीत सोडली.
इया झोपलेली.

तुला हाक मारली तिने, मी म्हटलं.
कधी?
तीन वाजता.
मग?
मग काय, मी गेले.

तो खण उघडून सुरी शोधत राहिला
पाव कापायला.
आम्ही पाव कधीच कापत नाही.
हाताने तोडतो.