काळ्या दगडावरची रेघ

ताताच्या पलीकडे, जिथे वाळू संपून खडक सुरू होतो,
इज्जा मान खाली घालून चालते.
आकाशाचं तिचं काम जमिनीवरच असतं.
दोरीला बांधलेला चुंबक, साठेक वर्षांचा गुडघा,
शेळ्या पुढे गेलेल्या.
एक खडा. काळा, हलका, कोळशाच्या नात्यातला.
चुंबक झुकतो, पण मनापासून नाही.
ती तो जिभेला लावून बघते,
मग ओढणीच्या गाठीत बांधते.

एरफूदचा ब्राहिम घासाघीस करतो, करणारच.
मग विमान, पार्सल, सही,
आणि माइन्झच्या एका तळघरात रोझविथा केट्लर
त्याचा तुकडा आम्लात सोडते.
सुई शोधायची तर गंजी जाळायची, ही तिची रीत.
दगड आठवडाभर विरत राहतो.
तळाशी उरतं ते डोळ्याला दिसतच नाही:
कार्बोरंडमचे कण. सुरीला धार लावायच्या चाकात असतात ना, तेच,
फक्त सूर्याच्या आधीचे.

वरच्या मजल्यावर हेनिंगचं गणित तयार होतं:
म्हातारा तांबडा तारा, पोटात न्यूट्रॉनची रिपरिप,
एकेक गिळून जड होत जाणारे अणू,
कुठले किती, दशांशापर्यंत.
कणांना ते मान्य नव्हतं.
निओडिमियमपाशी तफावत. पुन्हा मोजलं. तीच तफावत.
"तुझ्या बशीत धूळ गेली असणार," तो म्हणाला.
"धूळच आहे ती," रोझविथा म्हणाली. "तू तुझं तपास."

सात महिने गेले. एका अणूची भूक
जुन्या तक्त्यात चुकीची लिहिली होती.
हेनिंगनं तळघरात केक पाठवला, चिठ्ठीशिवाय.

आणि मग रुथेनियम. जरा जास्तच, नको तिथे.
अशाच ताऱ्यांच्या प्रकाशात फार पूर्वी
कुणाला टेक्नेशियमची रेघ दिसली होती.
दोन लाख वर्षांत निम्मं होणारं मूलद्रव्य
एवढ्या म्हाताऱ्या ताऱ्यात, म्हणजे आत्ताच शिजतंय,
चूल अजून पेटलेली.
कणातलं केव्हाच संपलं होतं.
त्याच्या जागी रुथेनियम,
पाहुणा उठून गेल्यावर गादीवर खळगा राहतो तसं.
प्रकाशातली रेघ आणि काळ्या दगडावरची:
रोझविथानं दोन्ही एकाच कागदावर काढल्या
आणि घरी जाताना दिवा बंद करायला विसरली.

पुढच्या हिवाळ्यात ब्राहिम पुन्हा आला.
काय निघालं रे माझ्या दगडातून?
"धूळ," तो म्हणाला.
मग त्याचे एवढे पैसे कशाला दिलेस, म्हणत
इज्जानं ओढणीची गाठ सोडली
आणि दुसरा खडा पुढे केला.