फोटो क्रमांक चौदा

दर गुरुवारी अडीचला चॅपलच्या मागच्या खोलीचं कुलूप मी काढते,
आधी हीटर लावते, कारण नऊजण आले
तर सहा थंडीबद्दल कुरकुरणार
आणि उरलेले तिघे, कुरकुरणाऱ्यांबद्दल.

कार्डिफपासून दोन बस बदलून यावं लागतं असं आमचं गाव, पत्र्याच्या कारखान्याचं.
कारखाना आता नाही. तिथे गालिच्यांचं दुकान आहे
आणि गाड्या लावायला भरपूर जागा.

"संयोजक, स्थानिक इतिहास मंडळ" असा माझा बिल्ला.
म्हणजे बिस्किटं मोजायची,
ग्लिनला त्याचा चांगला कान भिंतीकडे न करता बसवायचं,
आणि बेकरी पुलाच्या अलीकडे होती की पलीकडे
यावरून नेस्टा आणि तिची धाकटी बहीण बोलेनाशा झाल्या
की मध्ये नकाशा पसरायचा.
(बेकऱ्या दोन होत्या. हे दोघींनाही नको असतं.)

एम्रिस संपाची गोष्ट सांगतो.
अकरा आठवडे. चूल थंड. बाप फाटकापाशी उभा,
आई शेजारणींकडून बटाट्याची सालं आणून
त्यांचं सूप करायची.
ते सूप आता आम्हाला चवीसकट पाठ आहे.

फेब्रुवारीत कुणाच्या तरी माळ्यावरून डबा आला,
ओल लागून आत फोटोंची वीट झालेली.
तज्ज्ञ फोनवर म्हणाले, हात लावू नका.
एलीनेडने ते ऐकलं आणि स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली होती, पत्रे सोडवायला.
लाटून आलेले पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले असत,
पोरी ते सुटे करत, तळव्याला चामडं बांधून.
आता ती सत्त्याऐंशीची. बोटं आल्याच्या कुडीसारखी.
"ओढायचं नसतं," म्हणाली. "रुसलेला कोपरा आधी शोधायचा."
गठ्ठा किंचित वाकवला, टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला,
कानाशी नेला,
मग नख.

फुटबॉलचा संघ निघाला. एक घोडा. कुणाचं तरी लग्न, भर पावसात.
चौदाव्यात पाच बायका कामाच्या जागी,
चामडी बांधलेले हात मांडीवर,
मागे पाटीवर खडूने तारीख.
त्या तारखेला कोण आत गेलं आणि कोण बाहेर उभं राहिलं,
हे या गावात अजून आडनावांसकट लक्षात आहे.

चौथ्या बाईची हनुवटी एम्रिसची.
तोच खड्डा.

हीटर टकटकत राहिला.
नेस्टानेसुद्धा ब्र काढला नाही.
एम्रिस चष्मा शोधत होता खिशांतून,
चष्मा नाकावरच होता.

एलीनेडने अंगठा जिभेला लावला,
"इथे अजून जरा चिकटलंय," म्हणत
चौथीच्या चेहऱ्यावरून एकदाच फिरवला.
"अगं बाई. गेलंच.
पूर्वीचा हात राहिला नाही माझा."
जिने उभ्या नोकरीत एक पत्रा फाडला नव्हता.

मी ओरडायला हवं होतं.
पुरावा ओल्या हाताने धरू नये,
हे शिकायला मला दोन दिवस पाठवलं होतं, जेवणासकट.
बिल्ला माझ्याच छातीवर होता.
मी वहीत लिहिलं:
फोटो क्र. १४. पाच कामगार स्त्रिया.
चौथी अनोळखी, चेहरा ओलीने खराब.
ओलीनेच, तसं पाहिलं तर.
पाटीवरची तारीख लिहायची राहिली.

त्या दिवशी कप एम्रिसने विसळले,
कुणी सांगितलं नसताना, आणि पुसलेसुद्धा.
शेवटचा कप हातात धरून
नळाकडे बघत म्हणाला,
"सूप मात्र सालांचंच असायचं."
"हो," मी म्हटलं. "तेवढं लिहिते."

खुर्च्या रचल्या. हीटर बंद केला.
पुढच्या गुरुवारी बेकरी.
दोन्ही.