सामासिक अंतर

वहीच्या डाव्या बाजूला समास सोडायचा
हे मला तिसरीत, हातावर छडी खाऊन कळलं.
घरानंही सोडायचा असतो
हे कळायला डिप्लोमा, खात्याची परीक्षा
आणि आंबेगाव पठारावरची अकरा वर्षं.

उत्तम खुडेच्या हातात खळीचा डबा,
माझ्या बगलेत नोटीस, दोन प्रतींत.
कलम दोनशे साठ.
नाव : माळवदे मुरलीधर सोपान.
पश्चिमेच्या सामासिक अंतरात पत्र्याची शेड, विनापरवाना.
तक्रारदार : गोपनीय.
(म्हणजे शेजारचा, जो आत्ता गॅलरीत
झाड नसलेल्या कुंडीला पाणी घालतोय.)

आधी हातात द्यायची. घेतली नाही तर दारावर,
सहज दिसेल अशी. फोटोत तारीख आली पाहिजे.
पंच दोन, शक्यतो त्याच भागातले,
आणि त्याच भागातल्या सगळ्यांना
नेमकं तेव्हाच गावाला जायचं असतं.
चहा घ्यावा का, हे कुठं लिहिलेलं नाही.
मी घेत नाही. पाणी घेतो.
पाण्याचा अर्थ काढणारा अजून भेटला नाही.

शेडमध्ये पायमशीन. सुईखाली
कुणाच्या तरी शाळेची निळी चड्डी, अर्धी.
म्हातारा उठला नाही. टीप संपवली,
धागा दातांनी तोडला,
नोटीस घेतली, घडी न मोडता मशीनवर ठेवली,
मग म्हणाला, "मोजा."

टेपचं टोक खुडेनं धरलं, दुसरं मी.
तीन मीटर पाच.
लिहायला लागलो तर म्हणाला,
"साहेब, ते चिंध्यांचं पोतं आहे. पोत्यामागं पण शेडच आहे."
पोतं त्यानंच ओढलं.
गळ्यातली स्वतःची टेप काढली,
आकडे पुसलेली, कडेनं मेणचटलेली,
आणि जमिनीवर बसून, गुडघा सरकवत,
खडूनं खुणा करत गेला
जसं एखाद्या आडव्या पडलेल्या माणसाचं माप घ्यावं.
"एकशे तेहतीस इंच. तुमच्यात किती होतं बघा."

तीन मीटर अडतीस होतं.

"कमी लिहिलंत तर उद्या हा कुंडीवाला म्हणेल
म्हाताऱ्यानं काहीतरी चारलं.
आणि माप चुकीचं लिहिलेलं
माझ्याच्यानं बघवत नाही."

पंच क्रमांक एक : भंगारवाला, घाईत.
पंच क्रमांक दोन : चड्डी न्यायला आलेली बाई.
सही करता करता तिनं विचारलं, कधी मिळेल?
म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला,
"मुदतीच्या आत देतो."

निघताना पत्र्याच्या कडेला
माझ्या पँटची दुमड अडकली. टर्रकन् फाटली.
"या इकडं. दोन मिनिटांचं काम."
नको म्हणालो.
"फुकट नाही, वीस रुपये घेईन."
मग तर नकोच.
तो हसला नाही. सुईत ओवलेला धागा
तसाच शर्टाच्या खिशाला टोचून ठेवला.

चौकात ती अकरा मजली इमारत. नकाशात सात.
तिच्यापुढं मी स्कूटर हळू करत नाही :
फायलीत स्थगिती आहे,
आणि स्थगिती असताना टेप खिशात ठेवणं
हेही माझं कर्तव्यच.
खुडे मात्र दरवेळी मान वर करून मजले मोजतो.
त्याला कुणी मोजायला सांगितलेलं नाही,
मोजू नको असंही नाही.

संध्याकाळी ऑफिसात पंचनामा साफ लिहिला.
लांबी, रुंदी, उंची, वापर : शिवणकाम.
माप मालकानं स्वतः दुरुस्त करून दिलं,
वाढवून,
यासाठी रकाना नव्हता.
समासात लिहावं म्हणून पेन नेलं
आणि परत आणलं.
तिथं काही बांधायचं नसतं.

खुडे खळीचा डबा धुऊन आला,
खाली बघत म्हणाला,
"साहेब, दुमड लोंबतीय.
घ्या कुठंतरी शिवून."