नोटोरियस

मंगळवारी संध्याकाळी हॅलिफॅक्सच्या बंदरातलं धुकं
चर्चच्या तळघराच्या खिडकीला नाक लावून उभं राहतं.
आत नऊ खुर्च्या, एक कुरकुरणारा हीटर,
आणि आयलीनबाईंचा आजचा विषय : विशेषणं.

त्सेगायनं वहीत लिहिलंय,
माझे वडील केरेन गावात नोटोरियस होते.
रेडिओ दुरुस्त करायचे.

बाई हसल्या नाहीत.
मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिलेला हात
लाल पेन्सिल उचलून तसाच थांबला.
म्हणाल्या, शब्द प्रसिद्धीचाच आहे रे,
चांगल्या घरचा, पण वाईट संगतीला लागलेला.
मुळात अर्थ एवढाच, की ठाऊक असलेला.
पुढे चोरांबरोबर दिसू लागला, जहाजं बुडवणाऱ्या कप्तानांबरोबर,
आता सुताराला, सुइणीला तो कुणी लावत नाही.
तुला हवाय तो फेमस.
किंवा रिनाउन्ड, जरा जुना कोट घालून येतो, पण सभ्य.

मराठीत हे सगळं एका अनुस्वारावर भागतं :
नाव ठेवलं तर बारसं,
नावं ठेवली तर
जन्मभर पुरतात.

त्सेगायनं मान हलवली. खोडरबर मात्र उचललं नाही.
ठाऊक, म्हणजे कुणाला?

मग सांगत गेला, क्रियापदांचे काळ चुकवत.
लोक रात्री रेडिओ आणतात, टोपलीत, वर कांदे पसरून.
एकच स्टेशन ऐकायला परवानगी आहे.
बाबांच्या हातून गेलेल्या रेडिओवर दुसरंही लागतं.
चौकीतल्या यादीत त्यांचं नाव पहिल्या पानावर आहे.
गल्लीत पोरं त्याच नावाची शपथ घेतात.

आहे, घेतात.
बाईंनी काळ दुरुस्त केले नाहीत.
मागच्या रांगेत दानूताबाई
शेवटचं बिस्कीट मोडत होत्या, आवाज होऊ न देता.

पेन्सिल शेवटी टेकली.
शब्दाखाली एक रेघ, चुकीची नव्हे, नुसती रेघ.
समासात बारीक अक्षरात : चौकीच्या मते.

हजेरी घ्यायची राहिलीच होती.
त्सेगाय हाब्तोम.
त्यांच्यात आडनाव नसतं,
बापाचंच नाव मागोमाग चालत येतं
विमानतळावर, बँकेत, वीजबिलावर.
दर मंगळवारी बाई ते घाईत वाचून टाकतात,
आज दुसऱ्या शब्दापाशी थोड्या रेंगाळल्या.

हजर, तो म्हणाला,
आणि खुर्चीखाली हातमोजा शोधू लागला.