ठराव क्रमांक सतरा

सभेचा वृत्तांत मी लिहितो. बावीस वर्षं मीच लिहितो.
ठराव क्रमांक सतरा
टँकरच्या नंतर आणि कोंडवाड्याच्या लिलावाआधी आला.
मांडणारे उकंडराव ढेंगळे, निवृत्त लाइनमन,
सगळ्यात मागे उभे, खुर्ची असूनही.

विषय: जयस्तंभ चौकातली कोंडी.
ती वेगळी काय लिहू, मंगळवार सगळ्यांचाच आहे.
कापसानं फुगलेला ट्रॅक्टर, त्याला मागे येता येत नाही,
समोर दारव्ह्याची एसटी, तिला वळता येत नाही,
मधे शेळ्या, त्यांना दोन्ही येतं
आणि त्या काहीच करत नाहीत.
स्टँडपासून दवाखाना नऊशे मीटर.
बाजाराच्या दिवशी पाऊण तास.

ढेंगळे म्हणाले, "रस्ता रुंद करा म्हणता,
मंग ओसरी कोणाची कापता?
वरतं पाहा. वरतं कोणाचंच अतिक्रमण नाई."
खिशातून लाइट बिल काढलं, पाठकोरं.
इकडे बंद जिनिंगची चिमणी,
तिकडे पाण्याची टाकी,
मधे एक तार, तारेला सहा डबे.
डब्यात चार माणसं आणि एक पिशवी.
पिशवीसुद्धा काढली होती, बंदांसकट.

सभागृह हसलं. हसणं मी लिहीत नाही.
सदस्य रफिकभाई म्हणाले, "रोपवे डोंगरावर असते, देवाले जायाले.
आपल्या इथं चढ म्हणाल तर बँकेची पायरी."
"देव उंचावर बसला म्हणून त्याले तार," ढेंगळे म्हणाले,
"दवाखाना सपाटीवर हाय
म्हणून बाईनं आटोत बाळंत व्हावं?"
मग कोणी हसलं नाही.
पोरीचं नाव पत्रिकेत काहीही असो,
गाव तिला चौकी म्हणतं.

"तीस वर्षं खांबावर होतो," ते म्हणाले,
"वरून गाव लय मोकळं दिसते, बाप्पा.
पत्र्यावर कुरड्या, मिरच्या,
कोणाची तरी हरपलेली एक चप्पल.
खाली उतरलो का पुन्हा तेच हॉर्न."

तेव्हा बचत गटाच्या रेवताबाई आत्राम उठल्या.
"लाइनमन भाऊ, कुरड्या दिसल्या तुमाले.
आमच्या न्हाण्या नाई दिसल्या?
चार तट्टे, वरतं आभाळ.
एक माणूस खांबावर चढे
तं अर्धी आळी अंगावर पाणी घेणं थांबवे.
आता दर पाच मिनिटाले चौघं?"

ढेंगळे चपलेकडे पाहत राहिले.
"म्या आवाज देऊन चढत होतो," म्हणाले, हळू.
"देत होते," रेवताबाई म्हणाल्या,
"म्हणून तं ठरावाले हात वर करून रायली.
पण आधी छप्पर."

बहुमताने मंजूर:
प्रस्तावित आकाशमार्गाच्या अनुषंगाने
मार्गाखालील दोनशे बारा न्हाण्यांवर
पत्रे टाकण्यात यावेत.

फाइल अमरावतीला गेली, तिथून पुढे गेली,
दीड वर्षानं परत आली, समासात लाल शेरा:
डोंगराचे नाव व उंची नमूद करावी.
मी दोन दिवस तो रकाना पाहत होतो.
शेवटी लिहिलं, "निरंक."

पत्रे मात्र आले. मार्चअखेर होता,
कुठल्याशा निधीतले पैसे परत जाणार होते,
कारण विचारलं तर आमच्याकडे ठराव होता.
न्हाण्यांवर आता कुरड्या वाळतात.
बाया दार लावून गाणी म्हणतात, ढेंगळे म्हणतात,
पत्र्यानं आवाज चांगला घुमतो.

चौकात ट्रॅक्टर आहे. एसटी आहे.
चौकी शेळ्यांमागे धावते.

आमची आळी त्या रेघेच्या बाहेर, फर्लांगभर.
बायको परवा तट्ट्याआडून म्हणाली,
तुम्ही तिथेच बसले होते ना,
तार जराशी वाकवता नाही आली?
मी गप्प.
रात्री लाइट बिल उलटं करून
चिमणीपासून टाकीपर्यंत रेघ ओढून पाहिली,
मधेच आमच्या दारावरून नेलेली.