चौकशीची खिडकी

मिरजेहून कुपवाडला जाताना, एमआयडीसीच्या अलीकडे
एक मंगल कार्यालय आहे.
शनिवारी लग्न उरकलं की रविवारी तिथंच सभा.
कोपऱ्यांत अक्षता तशाच,
आणि नवरा-नवरीची लाल मखमली खुर्ची
तीही तशीच, स्टेजवर.
त्या खुर्चीत एल्काना सातपुते बसायचे.
पत्रकावर नावाआधी तीन बिरुदं,
आम्ही म्हणायचो नुसतं पप्पा.
सख्ख्या बापाला मी दादा म्हणायची,
तेव्हा हा शब्द घरात मोकळाच होता.

माझ्या अमोसला फिट यायची. नऊ वर्षांचा.
पप्पांनी त्याच्या टाळूवर हात ठेवला,
दुसऱ्या हातात माईक,
आणि त्याच्या आत कुणी राहत होतं म्हणे, त्याला दरडावलं.
अमोस हसला.
"बघा, तो हसतोय!"
पाचशे खुर्च्या हालेलुया म्हणाल्या.
मीही म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं.

मग कळलं, गोळ्या म्हणजे शंका.
शंका घरात ठेवली तर देव उंबऱ्यावरच थांबतो.
तेलाची बाटली तीनशे एक रुपयाला;
वरचा तो एक रुपया
आमच्या आजोबांनी कधीच सोडला होता.

गोळ्या फेकल्या नाहीत मात्र.
ज्वारीच्या डब्यात तळाला पुरल्या.
तेवढंच काय ते मी ऐकलं नाही.

बाराव्या दिवशी पोरगं नळावर पडलं.

राहेलबाई भोरे धावत आली, म्हणजे लंगडत आली.
मिशन दवाखान्यातली निवृत्त आया,
चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी.
तिनं त्याला कुशीवर वळवलं,
माझ्या हातातला चमचा काढून घेतला,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली.
"मोजायचं असतं," म्हणाली. "दोन मिन्टं झाली."
प्रार्थना केली असेल. ओठ हलले नाहीत.
पदरानं त्याची लाळ पुसली.
मग, गोळ्या कुठं आहेत?
का बंद केल्या, हे तिनं आजतागायत विचारलेलं नाही.

मी कोपरापर्यंत ज्वारीत हात घातला.

"मावशी, माझा विश्वास कमी पडला का?"
पप्पांकडं याचं उत्तर तयार असायचं, वचनासकट.
ती बराच वेळ गप्प.
शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
"मला न्हाई ठाऊक.
गोळी सकाळी आठला. रात्री परत आठला."

रविवारी गेले नाही, तर फोन आला.
कळप सोडलेल्या मेंढराचं काय होतं, ते सांगणारा.
राहेलबाई ऐकत लसूण सोलत होती.
"मेंढपाळ बी मेंढरू चाचपतो, खाटीक बी चाचपतो," म्हणाली,
"हात कशापायी फिरतोय तेवढं बघावं."
आणि सालं गोळा करून टाकायला गेली.

मग मी तिच्याच खोलीवर जाऊ लागले, रोज संध्याकाळी.
अमोसला सहलीला पाठवू का.
शिलाई मशीन घेऊ का.
एक दिवस पायाच पडायला वाकले.
तिनं पाय झटकन लुगड्याखाली ओढले.
"मी एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी गं.
गाडी किती वाजता, कुठल्या फलाटाला, एवढंच हितं विचारायचं.
खिडकीला हार घालून
तिथंच पथारी टाकलीस,
तर गाडी जाईल की तुजी."

चहा दिला. शास्त्र माझ्या मांडीवर ठेवलं.
"तू वाच. मला दिसत न्हाई."
मी अडखळत वाचत राहिले.
अर्थ तिनं कधी सांगितला नाही.
ओळ गाळली, की तेवढं बोट उचलायची.

परवा त्याच कार्यालयात एक रिसेप्शन होतं.
लाल खुर्चीत घामाघूम नवरा, शेजारी नवरी.
अमोस आता माझ्याहून उंच.
"आई, हितंच ना गं ते?"
"हो."
"त्यांची अंगठी गार होती,
गुदगुल्या झाल्या मला. म्हणून हसलो."

मी घड्याळ पाहिलं. पावणेआठ.
पाणी आणायला उठले.